जादूलाही नियम असतात!

जादू म्हटली, की आपल्याला वाटते, छडी फिरवावी आणि संकट टळावे. अमेरिकन लेखक ब्रँडन सँडरसन यांच्या 'कॉस्मिअर' या कथाविश्वात मात्र तसे चालत नाही. २००५ मधील 'एलान्ट्रिस'पासून सुरू झालेल्या या कादंबऱ्या निरनिराळ्या ग्रहांवर घडतात, पण विश्व एकच.

'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) काही जणांना धातू गिळून शक्ती मिळते. पोलादाने आसपासचे धातू ढकलता येतात, लोखंडाने खेचता येतात. जमिनीवर नाणे टाकून ते ढकलले, तर माणूसच वर उचलला जातो. क्रियेला प्रतिक्रिया आलीच!

नियम पक्के, म्हणूनच वाचकांना तर्क लढवता येतात. होइड नावाचा भटक्या वेगवेगळ्या पुस्तकांत का डोकावतो? १६ हा आकडा पुन्हा पुन्हा का येतो? वाचकांनी धागे जुळवले. पुढे उलगडा झाला, की अडोनाल्सिअम या आदिशक्तीचे १६ तुकडे झाले होते आणि ग्रहोग्रहीची बहुतेक जादू त्यांच्यातूनच आली आहे.

सगळेच तर्क मात्र टिकत नाहीत. नवे पुस्तक येते आणि जपलेला अंदाज कोसळतो. लेखकाला विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले : पुढे वाचा, कळेल! पुरावा समोर आल्यावर लाडका तर्क सोडून देणे मोठ्यांनाही कुठे सहज जमते? तेव्हा घरातले कुणी अशा पुस्तकात बुडाले असेल, तर रागावू नका. त्याचा तर्क ऐका आणि एवढेच विचारा : कशावरून?