कोणत्या एचआयव्हीला अडवलं?

‘एचआयव्हीला रोखणारी अँटिबॉडी सापडली’ अशी बातमी वाचली, की आपण आधी विचारावं: कोणत्या एचआयव्हीला? हा विषाणू एकाच रुग्णाच्या अंगातही सतत रूपं बदलतो. एका रूपाला चिमूटभर अँटिबॉडी पुरते, दुसरं रूप कितीही ओतली तरी दाद देत नाही. हा फरक मोजतात कसा, ते पाहू.

सुरुवात नकली विषाणूपासून. खऱ्या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात; त्यांनीच तो पेशीला धरतो. तपासायच्या रूपाचे काटे एका लुळ्या सांगाड्यावर बसवतात. हा ‘स्यूडोव्हायरस’ पेशीत एकदा शिरतो, पुढे वाढत नाही.

मग खळगे असलेल्या तबकडीत अँटिबॉडी टप्प्याटप्प्याने पातळ करत जातात. प्रत्येक खळग्यात विषाणू मिसळून 37 अंशांवर तासभर ठेवतात.

त्यावर टीझेडएम-बीएल पेशी घालतात. विषाणू आत शिरला, की त्यांच्यात काजव्याचं ल्युसिफरेज हे विकर तयार होतं आणि उजेड मिळतो. दोन दिवसांनी तो मोजायचा. ज्या मात्रेला उजेड निम्मा होतो, तो आकडा आयसी50.

गफलत बहुधा इथे होते. शुद्ध अँटिबॉडी असेल तर लहान आकडा चांगला: थोडक्यात काम भागलं. पण रुग्णाचं सीरम तपासलं, तर आकडा ते किती पट पातळ केलं हे सांगतो. तिथे मोठा आकडा चांगला. दुसरा चकवा औषधांचा. एआरटी ही एचआयव्हीविरोधी औषधं घेणाऱ्याच्या सीरममधली ती औषधंच विषाणू अडवतात आणि श्रेय अँटिबॉडीला जातं. म्हणून एचआयव्हीशी संबंध नसलेले, उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूचे काटे लावलेला नमुना सोबत तपासतात. तोही अडला, तर निकालावर विसंबू नये.

आता रूपांची प्रतवारी. पहिल्या श्रेणीतल्या विषाणूंचे काटे सहज उघडतात, लपलेल्या जागा अँटिबॉडीला सापडतात. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेले विषाणू बहुधा असेच. लोकांमध्ये फिरणारे मात्र बहुतांश दुसऱ्या श्रेणीचे: काटा मिटलेला, वर साखरेच्या साखळ्यांचं दाट पांघरूण. तिसरी श्रेणी सर्वांत चिवट. सोप्या विषाणूवर मिळालेल्या यशाने हुरळून गेल्याची किंमत या क्षेत्राने मोजली आहे. एड्सव्हॅक्स लशीने तयार केलेल्या अँटिबॉडी प्रयोगशाळेतल्या विषाणूंना अडवत. 2003 मध्ये प्रत्यक्ष चाचणीत लस अपयशी ठरली.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एएमपी चाचण्या याहून बोलक्या. सुमारे 4,600 जणांपैकी काहींना व्हीआरसी01 ही अँटिबॉडी, काहींना नुसतं सलाइन, दर आठ आठवड्यांनी शिरेतून दिलं. एकूण संसर्ग लक्षणीय घटला नाही. पण अगदी कमी मात्रेत अडणाऱ्या विषाणूंपुरतं पाहिलं, तर संरक्षण सुमारे 75 टक्के होतं. असे विषाणू चाचण्या झालेल्या भागांत जेमतेम 30 टक्के होते.

भारतात ‘सी’ हा उपप्रकार प्रमुख आहे. पण उपप्रकार म्हणजे श्रेणी नव्हे. दोन ‘सी’ विषाणूंपैकी एक व्हीआरसी01ला सहज अडतो, दुसरा तिला जुमानत नाही. त्यामुळे ‘सी’वर चाचणी झाली एवढं वाचून आपण थांबू नये; किती ‘सी’ विषाणू तपासले आणि त्यांतले दुसऱ्या श्रेणीचे किती, हेही शोधावं.