आधी वजनकाटा, मग शोरूम

चाकणच्या तळेगाव चौकात ‘कॅम्पर’ म्हटलं की डोळ्यांपुढे डबल केबिनची बोलेरो येते. पुढे माणसं, मागच्या हौद्यात माल. ज्या कॅम्परबद्दल हा लेख आहे तो मात्र पिकअपच्या मागे हुकाला जोडायचा, पलंग-ओटा-मोरीसह चाकांवरचा संसार आहे. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला. कॅम्पर ओढायला पिकअप घ्यायची म्हणून हिशेबाची वही उघडून बसलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, इंजिन किती ताकदीचं हवं? हा प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो.

आकडेमोड करून पाहा. पिकअप आणि कॅम्पर मिळून साडेचार टन. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ. ताशी ४० किलोमीटरने तो चढायला चाकांपाशी साधारण ४५ अश्वशक्ती लागते. साध्या बोलेरो कॅम्परचं इंजिन ७५ अश्वशक्तीचं आहे. इसुझू व्ही-क्रॉसची ताकद १६३ आणि टोयोटा हायलक्सची २०४. म्हणजे वजन ओढण्याचा प्रश्न नाहीच. प्रश्न ते थांबवण्याचा आहे.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. एवढ्या उतारात ब्रेकना जी उष्णता पचवावी लागते, ती ताशी ६० च्या वेगावरून गाडी पस्तीस वेळा लागोपाठ थांबवण्याइतकी असते. पिकअपचे ब्रेक तिच्या स्वतःच्या आणि हौद्यातल्या वजनासाठी बनवलेले असतात. मागच्या दोन टनांच्या कॅम्परला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तो भारही त्यांच्याच माथी येतो. ब्रेक तापतात, पेडल दबत जातं, पण गाडी थांबत नाही. चाकण-महाळुंग्यातून नव्या गाड्या लादून निघणाऱ्या ट्रेलरचालकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, हा त्यांचा जुना नियम. गाडी इंजिनावर रोखून धरायची आणि ब्रेक अधूनमधून लावायचा. माळशेजला, ताम्हिणीला कॅम्पर नेणाऱ्याने हा नियम आधी अंगवळणी पाडावा.

म्हणून पिकअप पसंत करण्याआधी कॅम्परचे ब्रेक बघा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारे किंवा विजेवर चालणारे, यांपैकी कोणतेही चालतील, पण ब्रेक हवेतच. ब्रेक नसलेला मोठा कॅम्पर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट हुकावरच्या भाराची. कॅम्परच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. फार वाढला तर पिकअपची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. दोन टनांच्या कॅम्परचे दोनशे किलो हुकावर आले, म्हणजे ते पिकअपच्या भारवहन क्षमतेतून वजा झाले. त्यात पाच माणसांचे साडेतीनशे मिळवा. कॅम्परमधलं शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरगुती गॅसची भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. विकणारा सांगतो ते वजन रिकाम्या कॅम्परचं असतं आणि सहलीला रिकामा कॅम्पर कुणी नेत नाही.

इथे आपल्या पट्ट्याचा मोठा फायदा आहे. वजनकाटे जागोजागी आहेत. सामान भरून काट्यावर जा. आधी जोडलेली दोन्ही वाहनं एकत्र तोला. मग कॅम्पर जोडलेलाच ठेवून फक्त पिकअपची चाकं काट्यावर घ्या. शेवटी कॅम्पर सोडून एकट्या पिकअपचं वजन करा. दुसऱ्या आकड्यातून तिसरा वजा केला की हुकावरचा भार हातात येतो.

आता गाडी कोणती? ब्रिटनमधले कॅराव्हॅन क्लब नवख्यांना सांगतात की भरलेला कॅम्पर ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा नियम इथेही धरावा. पावणेदोन टनांच्या कॅम्परला दोन टनांहून जड, लांब व्हीलबेसची, स्वतंत्र चासीवर उभी असलेली पिकअप हवी. हायलक्सची परदेशी माहितीपत्रकं ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी साडेतीन टनांचा आकडा देतात, पण तो तिथल्या गाडीचा, तिथल्या हुकाचा. इथे विकत घेताना इथला आकडा कंपनीकडून लेखी मागा. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली पिकअप महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाउनमध्ये दाखवली होती. ती उद्या आपल्याकडे आली, तर ओढण्याची क्षमता माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावी. पिकअप विकणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून हीच अपेक्षा आहे.

कागदपत्रांत ढिलाई नको. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहन आहे, म्हणून त्याची वेगळी नोंदणी लागते. कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून हूक ठोकून घेऊ नका. कॅम्पर बांधून देणाऱ्याकडे मान्यतेचं प्रमाणपत्र मागा. वाहनं तपासणारी सीआयआरटी तर आपल्या भोसरीतच आहे.

रंग, टचस्क्रीन, सनरूफ यांचा विचार नंतर करा. पहिली फेरी काट्यावर मारा आणि ती पावती खिशात घालूनच शोरूमची पायरी चढा.