आधी तळ पाहायचा

सकाळी ८. ओहायो नदीकाठच्या आमच्या लिलावघरात काल एका घरातली कपाटंच्या कपाटं रिकामी होऊन आली आहेत. इंद्रधनुषी झळाळीची कार्निव्हल काच कागदांतून सोडवते आणि कोमट पाण्यात मऊ फडक्याने धुते. घासणी अजिबात नाही.

९. खिडकीत उजेड भरला. आता प्रत्येक भांडं उलटं करायचं. साच्यातून निघालेल्या गरम काचेवर धातूंच्या क्षारांचं द्रावण फवारत. बुडाला ते सहसा लागत नसे. म्हणून काचेचा खरा रंग तिथेच कळतो. ‘मॅरिगोल्ड’ या रंगाची केशरी छटा मात्र फवाऱ्याची, खालची काच बिनरंगी.

१०.३०. मोर आणि कलशाचा वाडगा. ही नक्षी फेंटन, नॉर्थवुड, मिलर्सबर्ग अशा तीन कंपन्यांनी काढली, त्यामुळे नुसत्या मोरावर विसंबता येत नाही. बाहेरच्या अंगाला लव असलेली फळं आहेत, ‘बेअर्डेड बेरी’. म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातलं फेंटन. कंपनीचं नाव कुठेच नाही, आणि हीच चांगली खूण. फेंटन १९०७च्या सुमारास अशी काच काढू लागलं, पण तिच्यावर आपलं नाव घालायला लागलं १९७०मध्ये. नाव सापडलं असतं तर वाडगा नवा ठरला असता. शिक्का म्हणजे जुनेपणाचा दाखला, ही समजूत गिऱ्हाइकांना फार महाग पडते.

१. डबा. काचेच्या टेबलापासून लांब.

२. द्राक्षांच्या नक्षीचा पेला. घरच्यांनी चिठ्ठी लावली आहे: ‘आजीच्या लग्नातला, १९१५’. तळाशी एकमेकांवर चढलेली आय आणि जी ही अक्षरं. इम्पीरियल कंपनीची ही खूण १९५१पासूनची. जुन्या साच्यांतून काढलेली नवी आवृत्ती. फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. वाईट वाटलं, पण यादीत १९१५ लिहिणं मला जमणार नाही.

४. शेवटच्या खोक्यात माशाच्या आकाराची फुलदाणी. काच पातळ, काही भाग दुधी, काही चकचकीत. आणि काचेतच उमटलेली अक्षरं: जे-ए-आय-एन. फिरोजाबादची जैन ग्लास वर्क्स! आपल्या बांगड्यांचं गाव इथे, या टेबलावर. यादीत गावाचं नाव ठळक लिहिलं.

तुमच्या घरात अशी फुलदाणी असेल, तर भंगारात देऊ नका. अक्षरं शोधा, आणि फुलदाणी कुणी, कधी, कुठून आणली हे घरातल्या मोठ्या माणसांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.