चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

चित्र कुंचल्यानेच काढायचे असते, ही समजूत संगणकाने केव्हाच मोडीत काढली. संकेतस्थळावरील अनेक आलेख व आकृत्या म्हणजे वस्तुतः शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेल्या आज्ञाच होत. एसव्हीजी या चित्रलेखनपद्धतीला २००१ मध्ये मानक म्हणून मान्यता मिळाली. आता अशा आज्ञा कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स लिहून देतात. मात्र मॉडेल महाग निवडावे की स्वस्त?

या सेवेचे मोल ‘टोकन’ या एककावर ठरते. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. जुलै २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीने ‘जीपीटी-४ओ मिनी’ हे लहान मॉडेल आणले. त्याचा उत्तरासाठीचा दर दहा लाख टोकनांना ६० सेंट होता. मोठ्या ‘जीपीटी-४ओ’चा मे २०२४ मधील आरंभीचा दर १५ डॉलर, म्हणजे पंचवीसपट होता. तरीही चार हजार टोकनांच्या आलेखाला मोठ्या मॉडेलकडून सहाच सेंट पडत.

परिव्ययशास्त्र सांगते, खरेदीची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. स्वस्त मॉडेलने अक्षरांवर अक्षरे चढवली, रेषा चौकटीबाहेर नेली, तर दुरुस्तीत कर्मचाऱ्याचा तास जातो. त्या तासापुढे वाचलेले सेंट नगण्य ठरतात. उलट साध्या स्तंभालेखासाठी महाग मॉडेल वापरणे हीदेखील उधळपट्टीच.

याहून गंभीर असते ती न दिसणारी चूक. एक लाख रुपयांचे सात टक्के दराने दहा वर्षांत सरळव्याजाने १,७०,००० रुपये होतात, तर वार्षिक चक्रवाढीने १,९६,७१५. फरक सुमारे सोळा टक्क्यांचा. परंतु आलेखाचा अक्ष शून्याऐवजी दीड लाखापासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून उंच दिसतो. चित्र देखणे, आकडे अचूक, तरीही पाहणाऱ्याची दिशाभूल! अशी चूक महागड्या मॉडेलकडूनही होऊ शकते.

म्हणून एकच काम, त्याच आकड्यांसह, दोन्ही मॉडेल्सना देऊन पाहावे. दरासोबत दुरुस्तीच्या फेऱ्या आणि वेळही मोजावा. साध्या कामाला लहान, गुंतागुंतीच्या कामाला समर्थ मॉडेल नेमावे. अखेरची तपासणी मात्र माणसानेच करावी. ठेवीदार आलेख पाहून आपली पुंजी गुंतवतो. त्याच्या विश्वासाचा दर कोणत्याही दरपत्रकात छापलेला नसतो.