संशोधनाचा पैसा आणि पगाराचा दिवस



आमचे नाव मालेच्या पत्रिकेत पाहून पुष्कळांना वाटले असेल की, आज बोनसचा किंवा टाळेबंदीचा विषय निघणार. विषय आहे तो विद्यापीठांना मिळणाऱ्या संशोधन-अनुदानाच्या कारभाराचा. कॉलेजची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. चढलो ती मोर्चा घेऊनच. मग हा विषय आमच्याकडे आला कसा, हे सांगितले पाहिजे.

२०१८ साली एका विद्यापीठातील अकरा मुलेमुली आमच्या युनियनच्या कचेरीत आली. सगळी पदवीधर, काही तर एम.एस्सी. झालेली. दुष्काळी तालुक्यांतील विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करून तपासण्याच्या एका प्रकल्पावर ती काम करीत होती. सात महिने त्यांना पगार नव्हता. आम्हाला मालक ओळखण्याची सवय. पगार थकला म्हणजे पैसे कोणी तरी दाबून ठेवले आहेत, हे आमचे तीस वर्षांचे गणित. दुसऱ्याच दिवशी आम्ही फाटकावर घोषणा दिल्या आणि वित्त विभागात शिरलो. तिथल्या मुख्य लिपिक बाई म्हणाल्या, ‘भाऊ, आधी बसा. घोषणा नंतर द्या. पैसे इथे नाहीतच, ही फाइल बघा.’

ती फाइल वाचायला आम्हाला तीन रात्री लागल्या. त्या तीन रात्रींत जे कळले आणि पुढे नियमांची पुस्तके चाळून जे पक्के झाले, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रायोजित संशोधन म्हणजे काय? विद्यापीठाच्या नेहमीच्या खर्चाला जो पैसा मिळतो तो निराळा. एखादा प्राध्यापक एखाद्या प्रश्नाची योजना लिहून बाहेरच्या दात्याकडे पाठवितो आणि दाता ठराविक कामासाठी, ठराविक मुदतीकरिता, बहुधा तीन वर्षांसाठी, पैसा मंजूर करतो, ते प्रायोजित संशोधन. दाता कधी सरकार असते, कधी उद्योग, कधी विश्वस्त निधी. होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. ती प्रकल्पापुरती नव्हे, कायमची संस्था. पण बाहेरच्या पैशाने विज्ञान कसे उभे राहते याचा आपल्या घरचा दाखला म्हणून तिचे नाव घेतो. आज मोठा दाता दिल्लीचे सरकार आहे. १९४२ ची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, १९७१ चा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि आता २०२३ च्या कायद्याने आलेले राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, अशी ही दारे आहेत. या प्रतिष्ठानाची घोषणा झाली तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला. त्यात सरकारचे १४,००० कोटी आणि उरलेले मुख्यतः उद्योग व देणगीदार यांच्याकडून यावयाचे, असा हिशेब होता.

आता मुख्य गोष्ट. हा पैसा प्राध्यापकाच्या हाती येत नाही. तो संस्थेच्या खात्यात येतो, आणि येतानाच कप्प्याकप्प्यांत वाटलेला असतो. मनुष्यबळ हा एक कप्पा, उपकरणे दुसरा, रसायने व काचसामान तिसरा, प्रवास चौथा, किरकोळ खर्च पाचवा. या कप्प्यांना कचेरीत ‘हेड’ म्हणतात. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्यांना हे चटकन समजेल. एखाद्या व्यापाऱ्याने मांडवासाठी म्हणून दिलेले पैसे तुम्ही बॅन्डवाल्याला दिलेत तर तो पुढच्या वर्षी दारात उभे करणार नाही. येथेही तसेच. एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात घालावयाचा तर दात्याची लेखी परवानगी लागते. हा नियम मूर्खपणाचा नाही. तो नसता तर पोरांच्या पगाराच्या पैशातून विमानाची तिकिटे निघाली असती. आणि ते आम्हाला चालले नसते.

आमच्या अकरा जणांचे झाले ते असे. पाणी तपासण्याचे एक यंत्र फेब्रुवारीत मागविले, ते एप्रिलमध्ये आले. ३१ मार्चला वर्ष संपले तेव्हा उपकरणांच्या कप्प्यात नऊ लाख रुपये पडून राहिलेले दिसत होते, आणि मनुष्यबळाच्या कप्प्यात शून्य. पुढचा हप्ता मिळण्यासाठी दात्याला दोन कागद द्यावे लागतात: खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र. दुसऱ्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत त्याचा नमुना १२-अ असा आहे. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याच कामाला तो लागला, याची जबाबदार सह्यांनिशी दिलेली ही हमी असते. दात्याने विवरण पाहून विचारले, नऊ लाख शिल्लक असताना पुढचा हप्ता कशाला? प्रश्न रास्त होता. उत्तरही सोपे होते. यंत्र आले आहे, बिल द्यावयाचे आहे, एवढेच लिहावयाचे होते. पण ते पत्र प्रकल्पप्रमुखांच्या टेबलावर तीन महिने पडून राहिले; ते परदेशी होते आणि त्यांच्या विभागाला लिपिक नव्हता. नऊ लाख बँकेत आणि अकरा घरी चूल थंड. बरे, त्या नऊ लाखांवर जे व्याज चढले तेही कोणाच्या कामाचे नाही. नियमाप्रमाणे ते हिशेब पुरा झाल्यावर भारताच्या संचित निधीत परत भरावे लागते.

येथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला की, आम्ही चुकीच्या दारावर उभे होतो. बाईंनी पैसे अडविले नव्हते, दात्यानेही नव्हते. पैसे अडले होते ते एका न लिहिलेल्या पत्रापाशी. गिरणीत ज्याला बदली कामगार म्हणत, तो रोज फाटकाशी येऊन नंबर लागतो का बघे. आमचे वडील वर्षानुवर्षे बदलीत होते. प्रकल्पाचे साहाय्यक हे विद्यापीठातले बदली कामगारच. नेमणुकीच्या पत्रात साफ लिहिलेले असते की प्रकल्प संपला की नोकरी संपली, विद्यापीठावर हक्क नाही. फरक इतकाच की बदलीवाल्याला आपला मालक कोण ते माहीत होते.

फेलोशिपचे दर तरी सहज वाढतात असे कोणी समजू नये. कनिष्ठ संशोधन-छात्राची रक्कम २०१४ मध्ये २५,००० रुपये होती. देशभरच्या विद्यार्थ्यांनी आरडाओरड केली तेव्हा २०१९ मध्ये ती ३१,००० झाली, आणि २०२३ मध्ये ३७,०००. दर वाढले, पण वेळेवर मिळण्याची शाश्वती दरात लिहिलेली नसते.

आता ज्या कप्प्यावर सर्वांत जास्त भांडण होते तो सांगतो: संस्थेचा वरखर्च, म्हणजे ‘ओव्हरहेड’. दिवे, पाणी, इमारत, ग्रंथालय, हिशेबनीस हे प्रकल्पाच्या कामी येतात, पण त्यांचे बिल प्रकल्पाच्या नावे फाडता येत नाही. म्हणून दाता काही टक्के संस्थेला वेगळे देतो; आपल्याकडे ते बहुधा दहा-वीसच्या आसपास. अमेरिकेत हा दर वाटाघाटींनी ठरतो आणि मोठ्या विद्यापीठांत थेट खर्चाच्या पन्नास टक्क्यांवरही जातो. तिथे १९९१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वरखर्चात एका क्रीडानौकेची घसारारक्कमही शिरल्याचे उघड झाले आणि केवढा गहजब झाला! अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. पुढे १९९४ मध्ये तडजोड झाली. त्याच देशात ७ फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सगळ्यांना सरसकट १५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती न्यायालयाने अडविली. आमचे मत विचाराल तर नौका वाईट आणि सरसकट कात्रीही वाईट. हिशेबनीसाचा पगार ही चैन नव्हे. लिपिक नसलेल्या विभागात काय होते ते आम्ही पाहिले आहे.

नियम सुधारतात, पण एक गाठ सुटली की दुसरी बसते. २०२२ पासून केंद्रीय योजनांचा बराच पैसा शून्य-शिल्लक खात्यांतून जाऊ लागला. बँकेत पैसा पडून राहू नये हा हेतू चांगला. पण मार्चअखेर न वापरलेली मर्यादा रद्द होते आणि नवी मिळेपर्यंत एप्रिल, मे कोरडे जातात. संशोधन-अनुदानावर वस्तू व सेवा कर मागणाऱ्या नोटिसा गेल्या, त्यावर ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कर परिषदेने सूट दिली. जून २०२५ मध्ये संशोधन संस्थांना कोटेशनविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली. ठीक झाले. यंत्र लवकर आले तर पत्रही लवकर जाईल.

आमच्या प्रकरणात शेवटी मार्ग निघाला तो त्याच बाईंच्या टिपणीने. वरखर्चाच्या साठलेल्या रकमेतून विद्यापीठाने पगारापुरती उचल द्यावी आणि हप्ता आला की वळती करून घ्यावी. कुलसचिवांनी सही केली. आमची मागणी आजही तीच आहे: वरखर्चातला ठराविक हिस्सा अशा उचलीसाठी कायम बाजूला ठेवावा. कायम नोकरीची मागणी आम्ही पहिल्या दिवशी फाटकावर केली होती. ती देणे प्रकल्पप्रमुखाच्या हाती नव्हते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

पगार दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झाले. तोवर अकरांतले नऊच उरले होते. जे दोघे गेले त्यांत एक मुलगी होती. तीन तालुक्यांतल्या विहिरींची नोंद तिने ठेवली होती. ती आता तिच्या गावी कापडाच्या दुकानात हिशेब बघते. तिच्या वह्या विभागाच्या कपाटात आहेत. प्रत्येक विहिरीपुढे तिने स्वतःच्या खुणा केल्या आहेत, कुठे एक टिंब, कुठे दोन, कुठे आडवी रेघ. नव्या साहाय्यकाला त्या खुणा लागल्या नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या विहिरी पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.