यादीत नाव, तरच ग्रामसभेत मत

पिकावर लिहिणारा माणूस आज मतदार यादीवर का लिहितोय, असे तुम्ही म्हणाल. कारण साधे आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शेवटच्या चारीला पोचत नाही, पाणंद रस्ता होत नाही, घरकुलाच्या यादीत नाव लागत नाही, अशा तक्रारी बांधावर रोज ऐकू येतात. त्यांचा निकाल कृषी विभागात लागत नाही. तो ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत नाहीतर विधानसभेत लागतो. तिथे आपला शब्द चालायचा असेल तर आधी यादीत नाव पाहिजे.

मत कधी मिळाले?

आपल्या आजोबा-पणजोबांना हा हक्क जन्मतः नव्हता. अंबड तालुका निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे सगळ्या प्रौढांनी मत देऊन सरकार निवडायची सोयच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि निझामाची रयत भारताची नागरिक बनली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सालगड्याचे मत आणि मालकाचे मत सारखेच मोजले गेले.

पण त्याच निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. उत्तरेकडच्या काही राज्यांत त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच लिहून दिले होते. हक्क घटनेने दिला होता, पण यादीत नाव नव्हते म्हणून मत गेले.

आज कोण सुटते?

तीन प्रकारची माणसे. पहिली, नुकतीच अठरा पूर्ण केलेली पोरे. मतदानाचे वय १९८९ साली २१ वरून १८ वर आले. पूर्वी फक्त १ जानेवारी ही तारीख धरली जाई. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही देता येतो.

दुसऱ्या, नव्या सुना. नाव माहेरच्या यादीत राहते आणि सासरी मत देता येत नाही. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्यात बसत नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर शिक्षाही आहे.

तिसरी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे. दिवाळीच्या आसपास कोयता निघतो आणि पाडव्याच्या सुमारास परत येतो. "हे गावात राहतच नाहीत" असे म्हणून कुणी नाव काढायला निघाला तर ऐकू नका. तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस गावचा रहिवासी राहत नाही असे कायदा म्हणत नाही.

ग्रामसभेचा सभासद कोण?

१९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हे स्पष्ट केले आहे. गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तोच ग्रामसभेचा सभासद. म्हणजे यादीत नाव नसेल तर नुसते पाच वर्षांतून एकदाचे मत जात नाही, दरवेळच्या ग्रामसभेत हात वर करायचा हक्कही जातो. सोसायटीच्या यादीवर विसंबू नका, ती यादी वेगळी असते. आणि ग्रामपंचायतीच्या वॉर्डात मतदार थोडके असतात, तिथे चार-दोन मतांनी माणूस पडतो. समान मते पडली तर चिठ्ठी टाकावी लागते.

काय करावे?

नव्या नावासाठी नमुना ६. पत्ता बदलणे किंवा चूक दुरुस्त करणे असेल तर नमुना ८. मयताचे नाव काढायला नमुना ७. नमुना ६ सोबत फोटो, वयाचा पुरावा (जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र वगैरे) आणि रहिवासाचा पुरावा लागतो. बँकेचे पासबुक चालते, महसूल खात्याचा जमिनीच्या मालकीचा कागदही चालतो. कागद आई-वडिलांच्या नावावर असला आणि त्यांचे नाव त्याच पत्त्यावर यादीत असले तरी भागते. अर्ज आपल्या केंद्राच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयात द्या. मोबाईलवरूनही भरता येतो. अडचण आली तर १९५० वर फोन करा. अर्ज नामंजूर झाला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी नाव चढत नाही. ऐनवेळी धावाधाव उपयोगाची नाही.

आपला तालुकाही दोन विधानसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. काही गावे बदनापूरमध्ये, तर काही घनसावंगीत. बदनापूर जालना लोकसभेत येते, घनसावंगी परभणीत. तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवले तर नोंद जरूर तपासा.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी व पोलीस पाटील यांना विनंती. मृत्यूची नोंद घेताना त्या घरच्यांना नमुना ७ ची आठवण द्या. कोयता निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत मतदार यादी मोठ्याने वाचून दाखवा. ज्याचे नाव राहिले, तो तिथेच उठून सांगेल. टोळ्या गाव सोडण्याआधी एवढे झाले, तर त्यांच्या पोरांचे पहिले मत वाया जाणार नाही.