कंपवाताच्या माणसाचा तोल: एकदा मोजून भागत नाही



आपल्या काही घरांत कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे रुग्ण आहेत. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं, पण घरच्यांना खरी धास्ती असते ती पडण्याची. ओली जेटी, होडीत चढायची फळी, अंगणातली पायरी, कुठेही तोल जाऊ शकतो. "बाबांना होडीवर पाठवायचं की नाही?" हा प्रश्न म्हणूनच येतो. त्यासाठी तोल कसा मोजतात आणि त्या आकड्यावर भरवसा कधी ठेवायचा, ते आज सांगत आहोत.

मुख्य चाचण्या तीन आहेत.

१) खुर्चीची चाचणी: हाताच्या खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. किती सेकंद लागले ते घड्याळावर बघतात.

२) बर्गची मोजणी: उभं राहणं, वाकून वस्तू उचलणं, एका पायावर उभं राहणं अशी १४ कामं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६.

३) मागे ओढण्याची चाचणी: डॉक्टर मागे उभे राहून खांद्यांना झटका देतात. एकदोन पावलांत माणूस सावरला तर ठीक. ही घरी करून बघू नका, माणूस सरळ मागे कोसळू शकतो.

आता अडचण बघा. हलत्या होडीत काट्यावर मासळी ठेवली तर काटा ठरत नाही. मासळी तीच, आकडा वेगळा. कंपवातात माणसाचं शरीरच तसं दिवसभर बदलत असतं. लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल असतो तेव्हा चाल मोकळी, अंमल उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा. चालताना कुणी बोलायला लावलं तरी वेळ वाढतो. चप्पल, काठी, खुर्चीची उंची, यांनीही फरक पडतो.

हा फरक केवढा? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांची मोजणी काही दिवसांनी पुन्हा केली. त्यातून निघालेला हिशेब असा: बर्गमध्ये साधारण ५ गुण आणि खुर्चीच्या चाचणीत ११ सेकंद, एवढा फरक पडल्याशिवाय त्या माणसात खरा बदल झाला असं खात्रीनं म्हणता येत नाही. मागच्या वेळी ४६ आणि यंदा ४४ गुण आले म्हणून घाबरू नका. दोन गुण वाढले म्हणून लगेच होडीवरही पाठवू नका.

मग काय करायचं?

• तपासणीला जाताना शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून न्या. पुढच्या वेळी गोळीनंतर तेवढ्याच वेळानं मोजा असं डॉक्टरांना सांगा.
• नेहमीची चप्पल, नेहमीची काठी. शक्यतो मोजणारा माणूसही तोच.
• घरी खुर्चीची चाचणी करायचीच तर आधी डॉक्टरांना विचारा. एकजण शेजारी, हात देता येईल इतका जवळ हवा. पहिली फेरी सवयीची, मग दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा.
• कॅलेंडरवर खूण करा: कधी पडले, कुठे, गोळीनंतर किती वेळानं. पडता पडता सावरले तेही लिहा. आधी पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ही नोंद चाचणीइतकीच कामाची.
• आकडा बघून गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच करू नका.

होडीवर जायचं की नाही हे एका आकड्यावर ठरवू नये. दोन-तीन वेळची, एकाच पद्धतीनं केलेली मोजणी आणि घरातली पडण्याची नोंद डॉक्टरांपुढे ठेवा, आणि घरातल्या त्या माणसाला सोबत घेऊन ठरवा. इतकी वर्षं समुद्र ज्यांनी बघितला, त्यांना न विचारता होडीवरून उतरवणं बरं नव्हे.

मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत सगळे घरी असतात. कॅलेंडरवरच्या खुणा तेव्हापासून सुरू करायला हरकत नाही.